आखाजीच्या झोक्याचं ग्रीटिंग कार्ड: ठसे, रंग आणि सुईदोरा

घरी कार्ड करायचं म्हटलं की बहुतेक जण आधी ठशांच्या मागे लागतात, कुठला ठसा घेऊ, कुठलं इंक पॅड चांगलं, ऑनलाईन मागवू का वगैरे. माझं मत आधीच सांगून टाकते, ज्या कार्डावर सुईदोऱ्याचं काम आहे ते कार्ड दोऱ्यापासून ठरवायला सुरुवात करायची. दोरा कुठून कुठे जाणार ते सगळ्यात आधी पेन्सिलीने ठरवा, मग त्याच्या आजूबाजूला ठसे कुठे बसतील ते बघा, रंगाचा विचार शेवटी. कारण साधं आहे, शाई पुसट आली तर त्यावर रंग चढवता येतो, रंग कमी पडला तर अजून देता येतो, पण कागदाला पडलेलं भोक बुजत नाही.

करताना मात्र क्रम वेगळा असतो, आधी ठसे, मग रंग, मग भोकं, मग शिवण, मग चिकटवणं. शिवलेल्या उंचसखल कागदावर ठसा नीट उठतच नाही, आणि शिवल्यानंतर रंगवायला गेलं की ब्रशचं पाणी दोरा पिऊन टाकतो. म्हणजे ठरवायचं दोऱ्यापासून आणि हात लावायचा ठशापासून, एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

उदाहरण म्हणून आखाजीचं कार्ड घेऊ. आपल्या खान्देशात आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, सासुरवाशिणींचा सण, लेकी माहेरी येतात, गौराई बसते, निंबाला (कडुनिंबाला) नाहीतर चिंचेला झोका बांधलेला असतो. तर कार्डावर निंबाची फांदी आणि तिला बांधलेला झोका. पानं ठशाने, फांदी आणि रंग पेन्सिलीने, आणि झोक्याचा दोर खऱ्या दोऱ्याने शिवलेला. दोर हा दोराच असल्यामुळे शिवण तिथे शोभून दिसते, नुसतीच सजावट म्हणून चार टाके घातलेत असं वाटत नाही.

कागद आणि मापं

दोन कागद लागतात. बाहेरचं घडीचं कार्ड ३०० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) शीटचं आणि त्यावर चिकटवायचा पुढचा तुकडा २२० ते २५० जीएसएमचा. स्टेशनरीच्या दुकानात कार्डशीट किंवा आयव्हरी शीट म्हटलं की देतात, फक्त रंगवायच्या तुकड्यासाठी गुळगुळीत चकचकीत शीट घेऊ नका, त्यावर रंगीत पेन्सिल घसरते. किंचित खरखरीत, पांढरा किंवा मलई रंगाचा घ्या. जळगावला फुले मार्केटच्या आसपास फिरलात तर कागद, दोरे, सुया, सगळं एकाच फेरीत होतं.

ए-फोर शीट मधोमध कापली की दोन कार्डं निघतात, प्रत्येक तुकडा १४.८ बाय २१ सेंटीमीटर, घडी घातल्यावर १०.५ बाय १४.८. पुढचा तुकडा ९.५ बाय १३.५ सेंटीमीटरचा कापा. हे माप मुद्दाम सांगतेय, त्याचा फायदा शिवताना कळेल.

घडी घालायच्या आधी कागद दोन्ही दिशांना हलकेच वाकवून बघा, एका बाजूने तो सहज वाकतो आणि दुसऱ्या बाजूने कुरकुर करतो. सहज वाकतो त्या दिशेने घडी आली तर कड गुळगुळीत येते, उलट्या दिशेने घातली तर घडीवर भेगा पडतात, गडद रंगाच्या शीटवर तर फारच दिसतात. स्टीलची पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने एक रेघ दाबून ओढायची आणि मगच घडी घालायची.

पुढचा तुकडा वेगळा का, थेट कार्डावरच का शिवायचं नाही, असं कोणी विचारेल. थेट शिवलं की मागच्या बाजूचे टाके, टेप, दोऱ्याची टोकं सगळी कार्डाच्या आत दिसतात. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधले सैनिक घरी रेशीमकामाची पोस्टकार्डं पाठवायचे, त्यांचंही असंच होतं, भरतकाम वेगळ्या रेशमी जाळीवर व्हायचं आणि मग ते कापून कार्डावर बसवायचे. जुनी आणि पक्की पद्धत आहे, तीच वापरायची.

आधी दोऱ्याची आखणी

९.५ बाय १३.५ चा एक तुकडा ग्राफ पेपरमधून कापा. त्यावर कडेपासून साडेसात मिलिमीटर आत चौकट आखा, ती बरोबर ८ बाय १२ सेंटीमीटर येते. हिच्यावर गोधडीसारखा धावदोरा जाणार. वरून साधारण तीन सेंटीमीटरवर फांदीची आडवी रेघ, अगदी सरळ नको, थोडी वाकडी. फांदीपासून खाली साडेसहा सेंटीमीटरचे दोन दोर, एकमेकांपासून दोन सेंटीमीटर लांब, आणि दोन्ही एकाच बाजूला जरासे तिरपे. सरळ खाली सोडलेला झोका थांबलेला दिसतो, तिरपा केला की हलता दिसतो. दोराच्या खालच्या टोकांवर पाटली, म्हणजे झोक्याची बसायची फळी. चौकटीच्या खालच्या रेघेच्या वर पाच-पाच मिलिमीटरवर धावदोऱ्याच्या तीन ओळी, ती जमीन.

झोक्यावर मुलगी काढायची का हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण मी काढत नाही. ज्या ताईला कार्ड पाठवायचंय ती जागा तिचीच आहे ना, तिथे दुसरं कोणी कशाला.

आता कंपासपेटीतला डिव्हायडर काढा. त्याची दोन टोकं बरोबर पाच मिलिमीटरवर लावा आणि रेघेवरून एकेक टोक पुढे टाकत चालवत न्या, सगळी भोकं सारख्या अंतरावर येतात, पट्टीने मोजत बसावं लागत नाही. हा ग्राफ पेपर झाला तुमचा कायमचा साचा, याच्यावरून पुढे पाहिजे तितकी कार्डं करता येतात.

ठसे

निंबाच्या पानासाठी खोडरबराचा ठसा बनवायचा. नटराज किंवा अप्सराचा साधा पांढरा खोडरबर चालतो, फार जुना कडक झालेला नको, त्याचे कापताना तुकडे पडतात. निंबाचं खरं पान समोर घेऊन बसा, अंदाजाने काढू नका. नीट बघितलं की कळतं, एका काडीवर दोन्ही बाजूंनी छोटी पानं असतात, प्रत्येक पान जरासं कोयत्यासारखं वाकलेलं, कडेला दाते, आणि मधल्या शिरेची एक बाजू रुंद तर दुसरी अरुंद. हा वाकडेपणा ठशात आला की बघणारा लगेच म्हणतो निंब आहे. दोन्हीकडे सारखं काढलं तर ते कुठलंही पान होतं.

बटर पेपरवर ४बी किंवा ६बी पेन्सिलीने साधारण दोन सेंटीमीटर लांबीचं एकच पान काढा, तो कागद खोडरबरावर पालथा ठेवून नखाने घासा, चित्र खोडरबरावर उलटं उमटतं आणि ठसा मारल्यावर परत सुलटं होतं. मग कटरने कडेकडेने कापायचं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पातं पानापासून बाहेरच्या बाजूला तिरपं धरायचं, म्हणजे ठशाचा पाया रुंद आणि माथा अरुंद राहतो. पातं आतल्या बाजूला तिरपं गेलं तर पानाखालचं रबर पोखरलं जातं आणि चार-पाच वेळा दाबलं की दाते तुटतात. खोली दोन-तीन मिलिमीटर पुरे. वळण आलं की पातं फिरवू नका, खोडरबर फिरवा. मधली शीर कोरायची असेल तर दोन्ही बाजूंनी तिरपा काप देऊन बारीक पट्टी उचलून काढा. लहान मुलं मदतीला असतील तर कापायचं काम मोठ्यांनीच करायचं.

डाव्या बाजूच्या पानांसाठी उलट्या वळणाचं दुसरं पान त्याच खोडरबराच्या मागच्या बाजूला कोरा, तेवढं केलंच पाहिजे, नाहीतर सगळी पानं एकाच बाजूला वळलेली दिसतात.

शाईचं काय, तर ऑफिसात वापरतात ते जांभळं स्टॅम्प पॅड इथे उपयोगाचं नाही, ओल्या ब्रशने लगेच पसरतं. पिगमेंट इंकचं पॅड मिळालं तर उत्तम, गडद हिरवं किंवा तपकिरी घ्या, काळं नको, काळ्या रेघेत निंबाची पानं जड वाटतात. पॅड नसेल तर बशीत ओला करून पिळलेला स्पंज ठेवा आणि त्यावर अॅक्रेलिक रंग पसरवा. कुठलीही शाई असो, आधी रद्दी तुकड्यावर ठसा मारून दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या आणि त्यावरून ओला ब्रश फिरवून बघा, पसरली तर त्या कार्डावर वॉटरकलर नको, फक्त पेन्सिल.

आखाजी म्हणजे एप्रिल अखेर ते मे, आणि त्या दिवसात जळगाव-भुसावळकडे उन्हाचा पारा ४५ च्या आसपास असतो, रंग बशीतल्या बशीत वाळतो. अॅक्रेलिकमधे एक-दोन थेंब ग्लिसरीन घाला, जरा वेळ ओला राहतो. आणि कूलरच्या झोतासमोर कागद ठेवू नका, ती हवा दमट असते, कागद कडेने वाकतो आणि मग सरळ कापला जात नाही. सकाळी लवकर करायला बसलेलं बरं. हाताखाली एक कोरा कागद ठेवा, घामाचा डाग पडलेल्या जागी पेन्सिल नीट लागत नाही.

ठसा मारताना स्पंजवर हलके टपटप करून रंग घ्यायचा, दाबून नाही, दाबलं की कोरलेल्या खाचेत रंग भरतो. कागदाखाली वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या. सरळ खाली ठेवा, चारी बाजूंनी सारखं दाबा, सरळ वर उचला. फांदी आधी तपकिरी पेन्सिलीने काढून घ्या आणि दोर जिथे बांधलेत ती जागा मोकळी सोडून पानं मारा. आता एक छान युक्ती, रंग लावलेला ठसा आधी रद्दी कागदावर एकदा मारा आणि परत रंग न घेता कार्डावर मारा, तो फिका उठतो. आधी अशी फिकी पानं सगळीकडे मारून घ्या आणि वाळल्यावर त्यांच्यावर गडद पानं मारा, मागची पानं मागे आणि पुढची पुढे दिसायला लागतात, फांदी भरगच्च होते.

पाटलीसाठी वेगळा ठसा नको, खोडरबराची अरुंद कड तपकिरी रंगात बुडवून एकदा टेकवली की झाली.

केळीच्या देठाचा ठसा

हा माझा सगळ्यात आवडता, आणि आपल्याकडे फुकट. केळीच्या पानाचा देठ आडवा कापून बघा. आकार चंद्रकोरीचा, आणि आत हवेचे कप्पे ओळीने, मधे पातळ पातळ पडदे, म्हणजे कोणी बसून जाळी कोरावी तरी इतकी एकसारखी येणार नाही. रावेर, यावल, सावदा, चोपडा या पट्ट्यात घड उतरवल्यावर पानं बांधावर पडलेली असतात, धुळ्या-नंदुरबारकडे पूजेची पानं विकणाऱ्यांकडे मिळतात. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा आपल्याला केवढा अभिमान, पण देठाकडे कोणी बघत नाही.

खोडाजवळचा देठ फार रुंद असतो, कार्डासाठी पानाच्या टोकाकडची मधली शीर घ्या, तिथे चंद्रकोर दीड-दोन सेंटीमीटरची मिळते. धारदार सुरीने एकाच ओढीत कापा, करवतीसारखं मागेपुढे केलं तर आतले पडदे फाटतात आणि जाळी उठत नाही. कापलेलं तोंड पाण्याने धुवून वर्तमानपत्रावर पालथं ठेवा, पंधरा-वीस मिनिटांत पाणी निथळतं. ओलं वापरलं तर रंग पातळ होऊन कप्पे भरतात. चीक कपड्याला लागू देऊ नका, तो तपकिरी डाग धुवून जात नाही हे केळीत काम केलेल्या कोणालाही विचारा. तासाभराने तोंड मऊ पडतं, तेव्हा एक पातळ चकती कापून टाकली की नवीन तोंड तयार.

हा ठसा मी कार्डाच्या पुढच्या बाजूला वापरत नाही, तिथे आधीच पानं, झोका, शिवण आहे, गर्दी होते. कार्डाच्या आत खालच्या कडेला एक ओळ, आणि पाकिटाच्या झाकणावर आतून दोन-तीन ओळी, एकीच्या फटीत दुसरी. झाकण उघडलं की पहिल्यांदा तेच दिसतं.

भेंडीचा ठसा सगळ्यांना माहीत असतो, पाच पाकळ्यांचं फूल येतं, त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही, फक्त कापून अर्धा तास सुकू द्या म्हणजे बुळबुळीतपणा कमी होतो.

रंग

ठसे पूर्ण वाळल्याशिवाय पेन्सिल लावायची नाही. पानांना तीन रंग पुरतात, पोपटी, गडद हिरवा आणि तांबूस तपकिरी. निंबाची कोवळी पालवी तांबूस असते, म्हणून फांदीच्या टोकाकडच्या एक-दोन पानांना तो रंग द्या, फांदी लगेच जिवंत होते. आधी सगळ्या पानांवर पोपटी, अगदी हलक्या हाताने, गोल गोल फिरवत. मग उजेड डावीकडून येतोय असं ठरवा आणि प्रत्येक पानाच्या उजव्या अर्ध्या भागावर गडद हिरवा. परत वरून पोपटी. एकदाच जोर देऊन रंगवलं तर कागदाचे रंध्र भरून जातात आणि वर दुसरा रंग चढत नाही, हलके हलके थर द्यायचे, चार थर झाले तरी चालतील.

पेन्सिलीच्या रेघा दिसू नयेत असं वाटत असेल तर कापसाच्या काडीला बेबी ऑइलचा अगदी नावापुरता हात लावून, टिशूवर पुसून, मग पानावर फिरवा, मेणाचा रंग विरघळून एकसारखा होतो. तेल जास्त झालं तर कागदावर तेलकट कडं उमटतं ते जात नाही. भोकं पडणार त्या जागेपासून लांबच ठेवा.

आकाश रंगवू नका असं मी सांगेन. मोकळा कागद राहिला की दोऱ्याचा रंग उठून दिसतो. जमिनीच्या तीन ओळींमागे पिवळट मातकट रंगाचा एक हलका हात, बस.

भोकं आणि शिवण

आता साचा तुकड्यावर ठेवून दोन्ही बाजूंना क्लिप लावा. खाली जुन्या स्लिपरचा तळ किंवा थर्माकोल. शिवायच्या सुईपेक्षा जरा बारीक सुई बुचात खोचून घ्या म्हणजे बोटं दुखत नाहीत, आणि सरळ उभी धरून पुढून मागे टोचा. भोकं आधी पाडायचीच, शिवता शिवता सुईने कागद भोसकत गेलं तर मागून पुढे येताना भोक नेमकं कुठे पडेल सांगता येत नाही. अंतर पाच मिलिमीटरच्या आसपासच ठेवा, तीनच्या खाली गेलात की कागद पोस्टाच्या तिकिटासारखा त्या रेघेवर फाटतो. सगळं टोचून झालं की मागच्या बाजूला कागद जरा वर आलेला असतो, तो चमच्याच्या पाठीने घासून बसवा.

दोरा भरतकामाचा, लडीतला. त्याला सहा पदर असतात, झोक्याच्या दोरासाठी तीन पदर, चौकटीसाठी दोन. सुई भरतकामाची ७ किंवा ८ नंबरची. गाठ मारायची नाही, गाठीमुळे तुकडा नीट चिकटत नाही आणि पुढून फुगवटा दिसतो. दोऱ्याचं टोक मागे सेंटीमीटरभर ठेवून त्यावर टेपचा तुकडा लावायचा, संपतानाही तसंच.

दोरासाठी बॅकस्टिच घाला, म्हणजे पुढच्या भोकातून वर, मागच्या भोकात खाली, परत दोन भोकं पुढून वर. फांदीपासून पाटलीपर्यंत एकच लांब टाका घालायचा मोह होतो, पण तो सैल पडतो आणि पाकिटात अडकतो. साडेसहा सेंटीमीटरच्या दोरात पाच-पाच मिलिमीटरवर १४ भोकं येतात, बॅकस्टिचला रेघेच्या साधारण तिप्पट दोरा लागतो, म्हणजे वीस सेंटीमीटर आणि टोकं, ३५ सेंटीमीटर घेतला की पुरतो. ओढताना कागदाला समांतर ओढा, वर खेचलं तर भोकाची कड चिरते. फांदीवर दोर गुंडाळलेला दिसावा म्हणून वरच्या टोकाला दोन आडवे टाके घाला, हे छोटंसं काम आहे पण ते नसलं तर झोका हवेत लटकलेला वाटतो.

चौकटीला धावदोरा. इथे मघाच्या मापाचा फायदा, ८ बाय १२ च्या चौकटीवर पाच मिलिमीटरने बरोबर ८० भोकं येतात, आणि बंद चौकटीत धावदोरा जुळून यायला भोकं सम संख्येत लागतात, नाहीतर शेवटी दोन टाके शेजारी शेजारी येतात. ५५ सेंटीमीटर दोरा घ्या. जमिनीच्या तीन ओळी शिवताना मधल्या ओळीचे टाके वरच्या ओळीच्या फटीखाली आणा, आपल्या आज्या गोधडीला घालतात तशी वीण दिसते. रंग एकच नको, गोधडीत कुठे एकच रंग असतो, लाल, हळदी, निळा जो उरला असेल तो.

निंबाचा मोहोर हवा असेल तर पांढऱ्या दोऱ्याच्या फ्रेंच नॉट, म्हणजे सुईला दोरा गुंडाळून घातलेल्या छोट्या गाठी, दोन पदर, सुईला दोन वेढे. एकाच भोकातून वर येऊन त्याच भोकात खाली गेलं तर गाठ निसटून मागे जाते, म्हणून शेजारी मिलिमीटरभर दुसरं भोक पाडा.

मशीनने चौकट शिवायची असेल तर टाका सगळ्यात लांब ठेवा, सुरुवातीला आणि शेवटी मागेपुढे टीप मारू नका, आणि कागदासाठी एक सुई वेगळीच ठेवा, कागदाने धार जाते आणि मग तीच सुई ब्लाऊजपीसवर वापरली की धागे ओढले जातात.

जोडणी, मजकूर, पाकीट

तुकडा कार्डावर डबल टेपने चिकटवा, चारी कडांना आणि एक पट्टी मधे. फेविकॉलमधे पाणी असतं, पातळ कागदाला लाटा येतात, फारच तर अगदी पातळ हात. टेपची कड शिवणीच्या टाक्यांवर आली तर उलट चांगलं, दोऱ्याची टोकं पक्की बसतात.

आतला मजकूर हातानेच लिहा आणि बोलता तसा लिहा. आमच्याकडे अहिराणीत "ताई, आखाजीले ये वं, झोका बांधेल शे" (आखाजीला ये गं, झोका बांधलाय) एवढं लिहिलं तरी पुरतं, छापील कवितेची गरज नाही.

हाच साचा थोडा बदलून बाकी कार्डंही होतात. कापसाच्या बोंडासाठी पांढऱ्या फ्रेंच नॉटचा गच्च पुंजका, पोळ्याच्या बैलाची झूल धावदोऱ्याने, सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडा असेल तर त्याची आयाळ सुट्या लांब टाक्यांची, फक्त ती आयाळ पाकिटात दबते म्हणून ते कार्ड हातात द्यायचं.

पोस्टाने पाठवणार असाल तर वजनाचा हिशोब आधीच करा. ३०० जीएसएमचं अर्ध्या ए-फोरचं कार्ड सव्वानऊ ग्रॅमच्या आसपास, पुढचा तुकडा तीन, पाकीट तीन-चार, वर दोरा आणि टेप, म्हणजे १६-१७ ग्रॅम, साध्या पत्राच्या पहिल्या २० ग्रॅमच्या टप्प्यात बसतं. आतून अजून एक जाड शीट घातली की टप्पा ओलांडतो आणि तिकीट कमी पडलं तर घेणाऱ्याकडून जास्तीचे पैसे घेतात. पाकीट ११.५ बाय १५.५ सेंटीमीटरचं करा, शिवलेलं कार्ड जाड असतं, मापात घट्ट केलं तर काढताना टाके घासतात. फ्रेंच नॉट असतील तर कार्डावर बटर पेपरचा एक तुकडा ठेवून मग पाकिटात घाला, आणि आखाजीच्या निदान आठ-दहा दिवस आधी पोस्टात टाका, ताईला माहेरी निघायच्या आत मिळायला हवं.